पट्टीतली गोळी आणि अंगातलं रक्त



आठव्या महिन्यातली एक बावीस वर्षांची मुलगी एका सकाळी माझ्यापुढे येऊन बसली. ओठ, नखं, डोळ्यांची आतली कड, सगळं पांढरं फटक. पाच-सहा पायऱ्या चढून आली होती, पण बोलायला दम पुरत नव्हता. हिमोग्लोबिन निघालं ६.८. तिच्या कार्डावर मात्र महिन्याच्या महिन्याला लोहाच्या गोळ्या दिल्याची नोंद होती. मी तिच्यावर रागावले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गोळ्या हायेत की बाई, एकबी वाया घालवली नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी डाळीच्या डब्यातून काढलेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या माझ्या टेबलावर ठेवल्या. अगदी कोऱ्या.

मग हळूहळू उलगडा झाला. पहिल्या चार-पाच गोळ्यांनी तिला मळमळ झाली, पोट साफ होईना, आणि शौचाला काळं झालं. ती घाबरली. शेजारणीनं सांगितलं, या गोळ्यांनी पोटातलं बाळ मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं. लोह शरीरात थोडंच शोषलं जातं, उरलेलं बाहेर पडतं, म्हणून रंग काळा येतो आणि त्यात काही वाईट नाही, एवढं एक वाक्य तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्या तपासणीला ती माझ्याकडेच आली होती. मीही सांगितलं नव्हतं. आज मी इथं उभी आहे ती त्या डाळीच्या डब्यामुळे.

आपल्या देशात गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्राचा आकडा ४५.७. म्हणजे या सभागृहात शंभर गरोदर बाया बसल्या असत्या, तर पंचेचाळीस-शेहेचाळीस जणींना हा आजार निघाला असता. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचा, आणि ७ च्या खाली गेलं की तो तीव्र.

या आजाराच्या शोधाचा एक मोठा धागा मुंबईतून जातो, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया गरोदरपणात पांढऱ्या पडत, कित्येक दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं या आजाराचा अभ्यास केला. या बाया काय खातात, कशा राहतात, इथून तिनं सुरुवात केली. पुढे यीस्टपासून केलेला, विलायतेत पावाला लावून खातात तो 'मार्माइट' दिल्यानं या बायांचं रक्त वाढतं हे तिनं दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळालं. आपण पालेभाजी भरपूर पाण्यात उकळतो आणि ते पाणी मोरीत ओततो, तेव्हा विल्सबाईंचा शोधच ओतून देत असतो. लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. फॉलिक ॲसिड कमी पडलं तर मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या राहतात. पुष्कळ बायांना दोन्ही कमी असतं. म्हणून सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड एकत्र असतं.

आता हिशोब. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वार घेते, ५०० च्या आसपास आईचं वाढलेलं रक्त घेतं. हा खर्च मुख्यतः चौथ्या महिन्यानंतरचा. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन येते तेव्हाच तिचा साठा रिकामा असतो. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला रक्त जातं, ताटात भर पडत नाही, आणि घरात सर्वांत शेवटी जेवायला बसते तीच. उसळ संपलेली असते, रस्सा उरलेला असतो. हे मी कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. माझ्या माहेरीही असंच चालायचं.

आहाराबद्दल मला सर्वांत जास्त विचारतात ते बीट. बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त वाढतं, ही समजूत फार घट्ट बसली आहे. बीट खा, पण भरवसा ठेवू नका. हळीव, मटकी, हरभरा, राजगिरा, माठ, आणि खात असाल तर मटण-मासळी, यांत लोह आहे. मटण-मासळीतलं लोह जास्त सहज अंगी लागतं. भाजी-कडधान्यांतलं लागावं म्हणून वर लिंबू पिळा, आवळा खा. आणि चहा! जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या लोहाला आतड्यातच अडवतो. जेवण आणि गोळी यांच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्यायची, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. माझ्या पाहण्यात या एका बदलानं कितीतरी पट्ट्या रिकाम्या झाल्या.

माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खाण्याचे डोहाळे लागले तर हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते. रक्त तपासा.

चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक गोळी, १८० दिवस. रक्त कमी निघालं तर दोन. जंत काढायची गोळी पहिले तीन महिने उलटल्यावर. आणि महिन्यानं पुन्हा तपासणी. गोळ्या खरंच पोटात जात असतील तर महिन्यात हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढायला हवं. नाही वाढलं तर थांबून शोधायचं: गोळी घेतली जात नाही की आजारच निराळा आहे? विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल असतो, काही कुटुंबांत थॅलेसेमिया. तिथं नुसतं लोह वाढवत राहणं चूक. नवऱ्याचंही रक्त तपासावं लागतं, आणि तो येत नाही म्हणून किती तपासण्या अडून राहतात!

महिन्याला एक, हे गणित लक्षात ठेवा. तिसऱ्या महिन्यात ८ निघालं तर हातात सहा महिने आहेत. आठव्या महिन्यात निघालं तर सहा आठवडे. तेव्हा गोळ्यांच्या भरवशावर बसता येत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं. ते पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, पण नंतर दवाखान्यात देखरेखीखाली सुरक्षित आहे. शेवटच्या आठवड्यांत ७ च्या खाली असेल तर दाखल व्हायचं, कदाचित रक्त चढवायचं. कारण बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर धडधाकट बाई सावरते. जिच्या अंगात आधीच रक्त नाही ती तेवढ्यानंच हातची जाऊ शकते. ते पाहिलेली मी डॉक्टर आहे, म्हणून आवाज चढतो.

त्या मुलीला आम्ही दाखल केलं, रक्त चढवलं. बाळंतपण नीट झालं, बाळ जरा कमी वजनाचं झालं. नाळ लगेच कापली नाही. एक ते तीन मिनिटं थांबलं की वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा त्याला मिळतो. आईच्या गोळ्या मात्र त्या दिवशी संपत नाहीत, बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. हे घरी सांगितलेलं नसतं आणि पट्टी पुन्हा डब्यात जाते.

त्या सासूबाईंना मी घरी जाताना नव्या पट्ट्या दिल्या. त्यांनी विचारलं, "आता ह्या कुठं ठेवू?" म्हटलं, जेवणाच्या ताटाशेजारी, तिला दिसतील अशा. हळिवाचे लाडू कधी करणार तेही विचारलं. "बारशाच्या आधी," त्या म्हणाल्या, "आन् चहासंगं न्हाई द्यायचे, ध्यानात हाय."