बंब, शिडी आणि जाणती माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे आज मी लोणच्या-पापडांवर बोलेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. पण मंडळाची शिल्लक रक्कम वाडीच्या आगीपासून बचावासाठी कशी खर्चावी, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. म्हणून आगीत शिरणाऱ्या माणसांना कोण शिकवते आणि त्यांच्या हाती कोणते साधन द्यावे हे कोण ठरवते, याविषयी चार शब्द बोलते. यातले बरेचसे मी पलीकडच्या वाडीतल्या, अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या काकांकडून समजून घेतले आहे.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. असे सामान एका बोटीत भरणाऱ्याला काय म्हणावे! बंबवाले पाणी मारीत राहिले. बोट बुडवावी की गोदीबाहेर न्यावी, याचा निर्णय मात्र वरच्या मंडळींत वेळेवर झाला नाही. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. अग्निशमन दलाची ६६ माणसे गेली. धैर्यात ती कुठेच कमी नव्हती. पण आत काय जळते आहे आणि मागे केव्हा हटायचे, हे जाणणाऱ्या माणसाच्या शब्दाला अशा वेळी वजन असावे लागते.

पुढे १९५६ साली सरकारने या कामाचे राष्ट्रीय महाविद्यालय काढले. आधी ते उत्तर प्रदेशात रामपूरला होते, मग नागपुरास आले. आपल्याला विशेष आनंद वाटावा असे म्हणजे, २००२ साली हर्षिनी कान्हेकर ही नागपूरचीच मुलगी तेथे शिकायला गेली. तिच्याआधी तेथे एकही मुलगी शिकली नव्हती. आज मुंबईच्या दलातही मुली आहेत.

या शिक्षणात काय असते, असे मी काकांना विचारले. ते म्हणाले, “पहिले शिक्षण अंधाराचे.” धुराने भरलेल्या खोलीत मुलांना सोडतात. डोळ्यांना काही दिसत नाही. एक हात भिंतीवरून काढायचा नाही, म्हणजे परतीची वाट सापडते. अंग जमिनीलगत ठेवायचे, कारण बरी हवा खालीच उरते. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू लावून ते तापले आहे का ते पाहायचे. पाठीवर हवेची टाकी असते. हवा संपत आली की तिची शिट्टी वाजते. नवखा मुलगा म्हणतो, शिट्टी वाजली की निघू. जाणता शिक्षक म्हणतो, शिट्टी वाजेल तेव्हा तू बाहेर असला पाहिजेस. हे त्याला कोणी पुस्तकातून सांगितलेले नसते.

यंत्रांचेही तसेच आहे. धुरातून उष्णता दाखवणारा कॅमेरा आता निघाला आहे, आणि तो फार उपयोगी आहे. पण काचेपलीकडचे त्याला दिसत नाही. काच आरशासारखी उलट आपलीच ऊब दाखवते. ज्याने तो धुरात हाती धरला आहे, तोच हे विकत घेण्यापूर्वी सांगू शकतो. तसेच, नव्वद मीटर उंच जाणारी शिडी मुंबईच्या दलाकडे आहे, पण आपल्यासारख्या बोळात ती वळायची कशी? म्हणून अरुंद गल्ल्यांसाठी छोटे बंब लागतात.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीला एक जुनी इमारत पेटली आणि कोसळली. त्या आगीने दलाचे चार अधिकारी नेले, त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरही होते. एकेकाच्या अंगी किती वर्षांचे शहाणपण असेल! पडायला आलेल्या किंवा धुराने कोंडलेल्या जागी माणसाऐवजी पुढे पाठवावा, असा यंत्रमानव २०१९ मध्ये वांद्र्याच्या टेलिफोन कचेरीच्या आगीत मुंबईने वापरला. त्या दिवशी सुमारे ८४ माणसे वाचली. पण गच्चीवरच्या लोकांना शिडीवर घेणारे हात माणसांचेच होते.

आता आपल्या वाडीकडे येते. एक विक्रेता येऊन वीस लाल नळकांडी घ्या म्हणून गळ घालून गेला आहे. किंमत ऐकून आपण गप्प झालो. काकांना मी बोलावले, तर त्यांनी किंमत विचारलीच नाही. ते जिना चढले, गच्चीच्या दाराचे कुलूप पाहिले आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारले. कोणालाही सांगता आले नाही. जिन्याखालच्या सायकली, कपाट आणि रिकामे गॅसचे सिलिंडर पाहून ते म्हणाले, “बाई, आधी ही वाट मोकळी करा.” नळकांडी चार पुरेत, पण ती प्रत्येक घराला चालवता आली पाहिजेत, कारण एक नळकांडे अर्धा मिनिटही पुरत नाही. घाबरलेल्या हातातून ते सगळे भिंतीवर जाते.

कढईतले तेल पेटले तर पाणी कधीच नाही. गॅस बंद करून झाकण टाकायचे. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. तो वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या आणि १९०६ वर कळवायचे. आग असेल तर १०१ किंवा ११२. आणि फोनवर रडत “पिंपळाजवळ या” सांगू नये. गल्लीचे नाव सांगावे आणि एका मुलाला नाक्यावर उभे करावे. बंब येईपर्यंत आगीपाशी आपणच असतो.

काही भगिनी म्हणतात, आता सगळे यंत्रांनी होते, निवृत्त म्हाताऱ्याला मानधन कशाला? यंत्रे हवीतच. पण कोणते, किती आणि कुठे टांगायचे, हे विक्रेत्याने ठरवावे की तीस वर्षे धूर खाल्लेल्या माणसाने?

माझा ठराव असा: चार नळकांडी घ्यावीत आणि उरलेल्या रकमेतून काकांच्या हाताखाली तीन शनिवार सराव ठेवावा. पहिल्या शनिवारी जिन्याखालचे सामान हलवायचे आणि गच्चीच्या किल्ल्या तीन घरांत वाटायच्या. अनुमोदनासाठी कोणी भगिनींनी उभे राहावे.