वीस रुपये आणि पासबुकातली एक ओळ

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला विम्याविषयी बोलायला सांगितले आहे. विषय जाहीर झाला तेव्हा काही जण गालात हसले, ते मी पाहिले. विमा म्हटले की आपल्याला दारात उभा असलेला एजंट आठवतो. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवर काम करताना मी एक गोष्ट पाहिली आहे. आपल्या आदिवासी बांधवांच्या पुष्कळ घरांत विमा केव्हाच येऊन बसलेला आहे. घरच्यांना मात्र त्याचा पत्ता नाही.

हे कसे झाले, ते सांगतो. मे २०१५ मध्ये केंद्र सरकारने दोन योजना सुरू केल्या. पहिली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर २ लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. तिचा वर्षाचा हप्ता २० रुपये. दुसरी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख, हप्ता ४३६ रुपये. खाते उघडताना फॉर्मवर सही किंवा अंगठा घेतला जातो आणि त्यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात. १ जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत संरक्षण मिळते. पासबुकात त्याची एक ओळ उमटते, तीही इंग्रजी अक्षरांत. ती वाचणार कोण?

आता दोन घरांची हकिकत ऐका. दोन्ही घरे धडगाव तालुक्यातली.

पहिल्या घरातल्या तरुणाला पावसाळ्यात शेतात साप चावला. त्याला भगताकडे नेले, रात्रीत तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावरच माती दिली. तीन महिन्यांनी त्याची पत्नी दुसऱ्याच कामासाठी पासबुक घेऊन आमच्याकडे आली. आमच्या कार्यकर्तीने पाहिले तर मे महिन्यात २० रुपये कापलेले. आम्ही अर्ज केला. पण साप चावून मृत्यू झाला असेल तर रुग्णालयाची तेव्हाचीच नोंद लागते. ती नव्हती, म्हणून दावा नामंजूर झाला. बैलजोडी विकली गेली. बाईने मुकादमाकडून उचल घेतली आणि ती ऊसतोडीला गुजरातेत गेली. तिची दोन लेकरे आज आपल्या वसतिगृहात आहेत.

दुसऱ्या घरातला माणूस आमचूरसाठी कैऱ्या पाडताना आंब्यावरून पडला. भावांनी त्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवला, ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले. तो वाचला नाही. पण केसपेपर झाला, शवविच्छेदन झाले. काही महिन्यांनी २ लाख रुपये पत्नीच्या खात्यात आले. तिने सावकाराकडचे शेत सोडवले, शेळ्या घेतल्या. तिची मुले गावच्याच शाळेत जातात.

दोघांनीही हप्ता सारखाच भरला होता. फरक पडला तो एका केसपेपरने. म्हणून आम्ही पाड्यावर सांगतो की साप चावला तर आधी सरकारी दवाखाना गाठा. तिथे विषावरचे इंजेक्शन मोफत मिळते आणि जीव वाचू शकतो, हे पहिले कारण. जीव नाहीच वाचला तर मागे राहिलेल्यांच्या हातात कागद असतो, हे दुसरे.

काही विश्वासणारे विचारतात, "देवावर भरवसा आहे, मग विमा कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. अशा वेळी मी योसेफाची आठवण करून देतो. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवला आणि दुष्काळात तेच धान्य लोकांच्या कामी आले. त्याला कोणी अविश्वासी म्हटले नाही. मंडळीच्या इतिहासातही उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या मंडळीतले पाळक वारले की त्यांच्या विधवा आणि मुले उघड्यावर पडत. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी किती पाळक आहेत, दरवर्षी किती वारतात, मागे किती विधवा राहतात, याचा हिशोब मांडला. गणिती कॉलिन मॅकलॉरिन यांनी तो तपासला. १७४४ साली निधी सुरू झाला. प्रत्येक पाळकाने दरवर्षी ठरलेली रक्कम भरायची आणि त्यातून विधवांना वार्षिक मदत मिळायची. आजच्या आयुर्विम्याच्या पायातला हा एक दगड आहे आणि तो पाळकांनी बसवला. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौलाने गलतीकरांना लिहिले, त्याचाच हा हिशोबी अवतार म्हणा.

आता आजारपणाकडे येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचे. आयुष्मान कार्ड परराज्यातही, तिथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालते. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण ते कार्ड पाड्यावर पेटीत ठेवून जातात.

पण या योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी आहेत. रोजच्या गोळ्या, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात येत नाही. डोंगरातून योजनेतल्या रुग्णालयापर्यंतची वाट विमा बांधून देत नाही. म्हणून विमा आहे तेव्हा दवाखान्याची गरज संपली, असे कोणी म्हटले तर आपण मान डोलवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हवा, रस्ता हवा, हे मागत राहणे हीसुद्धा आपली सेवा आहे.

आता माझी विनंती. तुम्ही लोकांचे हप्ते भरा, असे मी म्हणत नाही. दोन्ही मिळून वर्षाचे ४५६ रुपये होतात. समजले की बहुतेक घरे आपले आपण भरतात, आणि त्यात त्यांचा मान राहतो. मला हवी आहेत माणसे. दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पाड्यांवर पासबुके तपासायला बसणार आहोत. ख्रिस्ती असो वा नसो, जो येईल त्याचे पासबुक वाचायचे. हप्त्यापुरती शिल्लक आहे का? वारस म्हणून कोणाचे नाव आहे? आधार आणि पासबुकावरचे नाव जुळते का? दोन खात्यांतून दोनदा हप्ता जातो आहे का? कारण एकाच योजनेचे दोन हप्ते गेले तरी रक्कम २ लाखच मिळते. तपासून झाले की कागदांच्या प्रती एका पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या बाईला दाखवायचे.

तुमच्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. कॉलेजात शिकणारी मुले आहेत. वर्षातला एक रविवार द्या. येण्याजाण्याची आणि जेवणाची सोय आम्ही करू. नावे आजच बाहेरच्या टेबलावर लिहून ठेवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.