निवृत्तीनंतर बिऱ्हाड कुठे? मंगळूर की म्हैसूर

(नजरबाद, म्हैसूर येथे निवृत्तीला आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



या नजरबादेत टपाल प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे टपाल बंधूंना म्हैसूर परके नाही. तरीही आपल्यातले कित्येक जण म्हणतात, निवृत्त झालो की मंगळूरला समुद्रकाठी राहू. जरूर राहा, पण नुसता समुद्र पाहून घर घेऊ नका.

मंगळूरला वर्षाला ३५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, म्हैसूरला ८०० च्या आसपास. दमेकऱ्याने, सांधे धरलेल्याने याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. म्हैसूरला विभागीय रेल्वे रुग्णालय आहे. मंगळूर सेंट्रल पालक्काड विभागात येते, विभागीय रुग्णालय तिकडे, दूर. रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरबाहेर राहणाऱ्याला बाह्यरुग्ण उपचार सोडून २०१७ पासून महिना १००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. पण हजारात म्हातारपणाची औषधे भागतात का? टपाल बंधूंनी त्या शहरात सीजीएचएसचा दवाखाना आहे का, ते आधी विचारावे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. दोघांपैकी एक आधी जाणार. मागे राहील त्याला बँकेत, दवाखान्यात आपले म्हणणे सांगता आले पाहिजे. मंगळूरला कोंकणी चालते, हा आधारच आहे. म्हैसूरला कानडी शिकावी लागेल.

रेल्वे बंधूंना निवृत्तीनंतर क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्यात ठेवता येते. तेवढ्यात निवडलेल्या गावी भाड्याने राहून पाहा, शक्यतो पावसाळ्यात. फंडाचे पैसे त्यानंतरच घरात घाला, आणि तेही दोघांच्या विचाराने.