डॉक्टर होणारी लेकरं आणि त्यांचं मन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणातून)



जुन्नर-आंबेगावातलं आपलं एखादं लेकरू मेडिकलला लागलं की आपण पेढे वाटतो, विहारात सत्कार करतो. केलाच पाहिजे. पण सत्कारानंतर ते हॉस्टेलात कसं राहतं, हे कितीजण विचारतात?

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. मराठी शाळेतून गेलेल्या पोरापुढे पहिल्याच वर्षी इंग्रजीतले जाडजूड ग्रंथ येतात. त्यात कोणी विचारतं, "कोट्यातून आलास का?" पुढे निवासी डॉक्टर झालं की ड्यूटी कधी सुटेल याचा नेम नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ साली देशभरातल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. उत्तरे देणाऱ्या एमबीबीएसच्या शंभरातल्या सोळा जणांच्या आणि पदव्युत्तरच्या एकतीस जणांच्या मनात जीव देण्याचा विचार येऊन गेला होता. म्हणून आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक दिवस सुट्टी हवी, अशी शिफारस त्या दलाने केली.

डॉ. पायल तडवी आपल्याला आठवत असेल. जळगावकडची आदिवासी तडवी भिल्ल समाजाची लेक. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आपलं जीवन संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल होऊन प्रकरण कोर्टात गेलं. ती हा त्रास घरी सांगत होती, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. त्याच वर्षी तिची आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

यातून आपण काय घ्यायचं? लेकराचा फोन आला, "आई, मला इथं नको वाटतं," तर लगेच "थोडं सहन कर, डॉक्टर होशील" असं म्हणू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. झोप, जेवण, बोलणं कमी झालं असेल तर गाडी पकडून भेटायला जा. छळ होत असेल तर तारीख-वार लिहून ठेवा, डीनकडे आणि रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे.

आणि मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे डोक्यातून काढा. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वतःच्या हाताने सेवा केली, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. मनाचा आजार हाही आजारच, त्यावर उपचार आहेत. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलतात. हा नंबर घरोघरी लिहून ठेवा.

एखाद्याने वर्षभर थांबायचं ठरवलं, अगदी कॉलेज सोडलं, तरी त्याने समाजाचं नाक कापलं असं कोणी म्हणू नये. डिग्री पुन्हा मिळवता येते. लेकरू सुखरूप घरी आलं पाहिजे. एवढं बोलून मी थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!