आग विझविणे कोणाचे काम?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन नगरपालिकांच्या कामांत घातले; ७३ व्या दुरुस्तीतील पंचायतींच्या २९ विषयांत ते नाही. जुन्नर शहराला नगरपालिका आहे. परंतु आंबेगावच्या डोंगरातील आदिवासी वाडीवर बंब पोहोचेपर्यंत कुडाचे घर राख होते. वणवा लागला की हिरड्याची झाडे वाचविण्यासाठी गावकरीच ओल्या फांद्या घेऊन धावतात. या स्वयंसेवकांना शासनाने प्रशिक्षण, साधने व विमा द्यावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावे : गॅसचा वास आल्यास विजेचे बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, १९०६ क्रमांकावर कळवावे, पेटत्या तेलावर पाणी न ओतता झाकण ठेवावे. डोंगरातल्या माणसाचा जीव शहरातल्यापेक्षा स्वस्त का असावा?