शर्यतीचे साक्षीदार

धांवणें ही मनुष्याच्या सर्व क्रीडांतील सर्वांत कमी खर्चाची क्रीडा आहे. तिला चेंडू लागत नाहीं, फळी लागत नाहीं, आंखलेलें मैदानही लागत नाहीं. दोन पाय आणि पुढें पसरलेला रस्ता एवढें भांडवल तिला पुरतें. असें असतां, या क्रीडेसाठीं कोणाची परवानगी काढावी लागत असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निम्म्या मनुष्यजातीवर ती पाळी येत होती. लांब पल्ल्याच्या शर्यती स्त्रियांच्या प्रकृतीला झेपणार नाहींत, असें क्रीडासंस्थांचे चालक ठामपणें सांगत, आणि जी स्त्री तें खोटें ठरविण्यास रस्त्यावर उतरे तिला बाहेर काढण्याचा प्रयत्न होई. हा इतिहास पडद्यावर मांडणारा ‘फ्री टु रन’, म्हणजे ‘धांवण्यास मुक्त’, हा अनुबोधपट २०१६ सालीं प्रदर्शित झाला. त्याची निर्मिति स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन देशांतील संस्थांनीं मिळून केली.

या अनुबोधपटाचा दिग्दर्शक पिएर मोरात हा जिनेव्हाचा. तो व्यासंगानें इतिहासकार आहे आणि तरुणपणीं तो स्वतः शर्यतींत धांवत असे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या लोझान येथील कारकीर्दीवर त्यानें ग्रंथ लिहिला आहे. म्हणजे क्रीडेचे नियम कोण करतें आणि कोणासाठीं करतें, या प्रश्नाशीं त्याचा परिचय जुना. २०१२ सालच्या त्याच्या एका अनुबोधपटाचा विषय असा होता, कीं जिनेव्हासारख्या संपन्न नगरांत एक मनुष्य आपल्या घरांत मृत होऊन पडला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. जें डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीं, त्याकडे वळण्याची ही दृष्टि ‘फ्री टु रन’मध्येंही त्याच्या उपयोगीं पडली आहे.

असा अनुबोधपट रचणाऱ्या मंडळींचें काम कथापटाच्या कामाहून निराळें असतें. येथें नटनटी नसतात आणि नेपथ्यही नसतें. चाळीसपन्नास वर्षांपूर्वीं दुसऱ्याच कोणी घेतलेल्या छायाचित्रांचा आणि चित्रफितींचा शोध घ्यावयाचा, त्या प्रसंगांतील जीं माणसें हयात असतील त्यांना गांठून बोलतें करावयाचें, आणि मग जुनें दृश्य व वृद्ध मुख यांची अशी जुळणी करावयाची, कीं एकानें दुसऱ्याची साक्ष तपासावी. फ्रेंच आवृत्तींत नट फिलिप तोरतों याच्या आवाजांतील निवेदन या तुकड्यांना एका सूत्रांत गुंफतें. पण खरा जिव्हाळा निवेदनांत नसून, ज्यांनीं तो काळ पायांखालीं घातला त्यांच्या बोलण्यांत आहे.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९ एप्रिल १९६७ चा, अमेरिकेंतील बॉस्टन येथील मॅरेथॉनचा. कॅथरिन स्विट्झर या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें ‘के. व्ही. स्विट्झर’ अशा आद्याक्षरी नांवानें अर्ज भरला आणि तिला २६१ हा क्रमांक मिळाला. शर्यतीच्या पहिल्या कांहीं मैलांतच जॉक सेंपल या व्यवस्थापकाच्या हें लक्षांत आलें. तो धांवत आला आणि तिच्या अंगावरील क्रमांक ओढून काढूं लागला. तिच्याबरोबर धांवणाऱ्या तिच्या मित्रानें त्याला खांद्यानें धक्का देऊन बाजूस सारलें, आणि ती पुढें धांवत राहून शर्यत पुरी करून आली. हें सारें वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची मोटार जवळच असतां घडलें; त्यामुळें एकामागून एक छायाचित्रें निघालीं आणि तीं जगभर गेलीं. नियम शब्दांत होता तोंवर तो सौम्य भासत होता. एक प्रौढ पुरुष एका मुलीच्या अंगावर धांवून जात आहे, असें त्याचें रूप दिसतांच त्याची लाज सर्वांना वाटूं लागली.

तथापि येथेंच इतिहासकाराचें कर्तव्य कठीण होतें. बॉस्टनची मॅरेथॉन पुरी धांवणारी पहिली स्त्री स्विट्झर नव्हे. ती रॉबर्टा गिब. १९६६ सालीं तिनें अर्ज केला, तेव्हां स्त्रियांच्या शरीराला इतकें अंतर झेपत नाहीं असें उत्तर तिला आलें. ती सॅन डिएगोहून बसनें अनेक दिवसांचा प्रवास करून आली, आरंभस्थानाजवळच्या झुडपांत लपली, भावाची चड्डी आणि डोक्यावर ओढतां येईल असा अंगरखा घालून पुरुषांच्या घोळक्यांत मिसळली, आणि ३ तास २१ मिनिटें ४० सेकंदांत पोंचली. दुसऱ्या वर्षींही ती धांवली आणि स्विट्झरच्या जवळजवळ एक तास आधीं पोंचली. पण तिला कोणी ओढलें नाहीं, म्हणून तिचें तसें चित्र निघालें नाहीं. आणि चित्र निघालें नाहीं, म्हणून लोकांच्या स्मरणांत ती मागें पडली. बॉस्टनच्या संस्थेनें तिचे १९६६, १९६७ आणि १९६८ चे विजय मान्य केले ते १९९६ सालीं. गिब ही शिल्पकारही आहे. शर्यतीच्या आरंभगांवीं, हॉपकिंटन येथें, २०२१ मध्यें उभा राहिलेला धांवत्या मुलीचा पुतळा तिनेंच घडविला. मोरात आणि त्याचे सहकारी या दोघींनाही पडद्यावर आणतात, आणि त्यांच्या कामाचें मोल यांत आहे. प्रसिद्ध छायाचित्रावर भागवणें त्यांना सोपें होतें. परंतु समतेची कथा सांगणाऱ्यानें स्मृतीच्या वांटणींतही समता पाळावयास हवी.

सेंपलच्या बाबतींतही तोच न्याय लागूं आहे. त्या एका क्षणाच्या चित्रावरून तो खलपुरुष ठरतो. पण त्यानें आयुष्याचीं अनेक वर्षें त्या शर्यतीच्या सेवेंत घालविलीं होतीं, आणि १९७३ सालीं त्यानें स्विट्झरशीं आरंभरेषेवरच सलोखा केला, त्याचेंही छायाचित्र उपलब्ध आहे. दोष एका चिडक्या माणसाचा होता असें मानल्यास नियम निर्दोष सुटतो. तो सुटूं न देणें हेंही अनुबोधपटाचें काम आहे.

चित्राच्या साक्षीचें महत्त्व त्याहून जुन्या एका प्रसंगानें अधिक स्पष्ट होतें. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीची लिना राडके २ मिनिटें १६.८ सेकंदांत पहिली आली, जपानची किनुए हितोमी दुसरी. अंतिम शर्यतींत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनीं ती पुरी केली. परंतु कांहीं वृत्तपत्रांनीं असें छापलें, कीं निम्म्या जणी वाटेंत गळाल्या आणि उरलेल्या शेवटीं कोसळल्या. त्या शर्यतीची जी चित्रफीत उरली आहे तींत असें कांहीं दिसत नाहीं. तरी लेखणीचा शब्द चालला आणि फितीची साक्ष कोणी काढली नाहीं. ती शर्यत स्त्रियांसाठीं बंद झाली, ती १९६० च्या रोमपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षें!

यानंतर १९८४ च्या लॉस एंजेलिसकडे पाहावें. त्या वर्षीं स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें प्रथमच धांवली गेली आणि अमेरिकेची जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत विजयी झाली. तिच्यानंतर बऱ्याच वेळानें स्वित्झर्लंडची गाब्रिएला आंडर्सन-शीस मैदानांत शिरली, ती उष्म्यानें अर्धी वांकलेली, झोकांड्या खात. शेवटची फेरी पुरी करण्यास तिला पांच मिनिटांहून अधिक वेळ लागला. मग ती कोसळली आणि वैद्यांनीं तिला सांवरलें. हें दृश्य साऱ्या जगानें पाहिलें. पण या वेळीं शर्यत बंद करा असा निर्णय कोणी दिला नाहीं. पुरुष थकून पडला तर त्याला जसें धैर्यवान म्हणत, तसेंच तिलाही म्हटलें गेलें. ॲम्स्टरडॅममध्यें न घडलेल्या पतनानें दार लागलें, लॉस एंजेलिसमध्यें घडलेल्या पतनानें तें उघडेंच राहिलें. या दोहोंमधील अंतर म्हणजेच त्या चळवळीची कमाई.

ती कमाई आपोआप झाली नाहीं. बॉस्टननें १९७२ सालीं स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला आणि नीना कुसिक पहिली आली. त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्यें स्त्रियांनीं पुरुषांच्या दहा मिनिटें आधीं निघावें, एकत्र निघूं नये, असा हुकूम सुटला. सहा स्त्रिया आरंभरेषेवर आल्या, बंदुकीचा आवाज झाला, आणि त्या खालीं बसल्या. हातांत निषेधाचे फलक धरून त्या दहा मिनिटें तशाच बसल्या, आणि पुरुषांसाठीं दुसरा आवाज होतांच उठून सर्वांबरोबर धांवूं लागल्या. त्यांच्या वेळेंत तीं दहा मिनिटें मिळविण्यांत आलीं. पण वृत्तपत्रांत छायाचित्र गेलें होतें. धांवण्यासाठीं लढणाऱ्यांनीं न धांवतां मिळविलेला हा विजय आहे.

अमेरिकेकडे बोट दाखवून मोरात आपल्या देशाला झांकून ठेवीत नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकारच १९७१ च्या फेब्रुवारींत मिळाला, आणि मोरा ते फ्रिबुर्ग ही तेथील जुनी, नामांकित शर्यत स्त्रियांना खुली झाली ती १९७७ सालीं. या दोन तारखा शेजारीं ठेविल्या म्हणजे रस्ता आणि मतपेटी यांचें नातें ध्यानांत येतें. १९७२ सालीं नोएल तामिनी आणि इव्ह जानोता यांनीं त्या देशांत ‘स्पिरिडॉन’ हें धांवणाऱ्यांचें नियतकालिक सुरू केलें. धांवणें हा सर्वांचा आनंद आहे, त्यावर कोणा मंडळाची मालकी नाहीं, असा त्याचा बाणा होता. तामिनीची साक्ष या अनुबोधपटाच्या आधारस्तंभांपैकीं एक आहे.

एवढ्यावर कथा संपविली असती तर ती गोड झाली असती, पण पुरती खरी झाली नसती. फ्रेड लेबो या रुमानियांत जन्मलेल्या उद्योगी गृहस्थानें न्यूयॉर्कची मॅरेथॉन वाढविली. १९७० सालीं ती एका उद्यानांत १२७ धांवपटूंनीं सुरू केली, तेव्हां प्रवेशमूल्य एक डॉलर होतें. १९७६ पासून ती शहराच्या पांचही विभागांतून जाऊं लागली आणि मग तिच्यामागें मोठा पैसा आला. २०१२ सालीं प्रचंड वादळानें शहराचे भाग उद्ध्वस्त झाले असतांही शर्यत व्हावीच असा आग्रह दिसला. अखेर लोकक्षोभामुळें ती दोन दिवस आधीं रद्द झाली. अधिकाऱ्यांच्या मुठींतून सुटलेलें धांवणें बाजाराच्या मुठींत सांपडतें काय, हा प्रश्न मोरात उघडपणें विचारतो. स्वतः धांवणारा मनुष्य धांवण्याच्या उत्सवावर असा प्रश्न घालतो, यांतच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

या अनुबोधपटाची दृष्टि मुख्यतः अमेरिका आणि स्वित्झर्लंड यांवर खिळली आहे. पण त्यांतला प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाहीं. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले धांवले आणि एकोणिसावे आले. त्या वेळीं जगांतील कोणत्याही स्त्रीला त्या रेषेवर उभें राहण्याची मुभा नव्हती. अडथळ्यांची ३००० मीटरची शर्यत तर ऑलिंपिकमध्यें स्त्रियांना २००८ सालीं खुली झाली. त्यानंतर आठच वर्षांनीं, म्हणजे हा अनुबोधपट निघाला त्याच २०१६ सालीं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण भागांतील ललिता बाबर रिओ येथें त्या शर्यतीच्या अंतिम फेरींत पोंचून दहावी आली. तिच्या पायांतील बळ माणदेशाच्या मातीचें आहे. परंतु तें दाखवावयास लागणारी रेषा आधीं कोणी तरी झगडून आंखून घ्यावी लागते.

स्विट्झर आठवते कारण छायाचित्रकारांची मोटार जवळ होती. गिब तीस वर्षें अंधारांत राहिली कारण ती जवळ नव्हती. महाराष्ट्रांतही शाळेच्या मैदानावर प्रथम धांवलेल्या, विरोध सोसून शर्यतींत उतरलेल्या आजी, मावश्या आणि आत्या अनेक घरांत असतील. त्यांच्यामागें कोणतीही मोटार नव्हती. कपाटाच्या तळाशीं एखादा पिवळा पडलेला फोटो किंवा काळवंडलेलें पदक तेवढें राहिलें असेल. त्यांना विचारून त्या फोटोच्या मागें नांव, गांव आणि साल लिहून ठेवणें, हें काम करण्यास दिग्दर्शक व्हावें लागत नाहीं. पुढें कोणी इतिहासकार शोध घेत आला, तर त्याला त्या चार ओळींचाच आधार मिळेल.