शिळेवरील अकरा नावे

तुरुंग म्हटला की मराठी वाचकापुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा कोठडीच्या आतून पाहिलेले असते. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने झाली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींच्या लेखणीतून 'श्यामची आई' उतरली. अंदमानची हकीकत तर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे घरोघर पोहोचली. या साऱ्या वाङ्मयात गजांच्या पलीकडे किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक मनुष्य उभा असतो. कधी तो क्रूर असतो, कधी एखादा निरोप गुपचूप पोहोचविण्याइतका मऊ असतो. परंतु त्यालाही घर आहे, त्याची पाळी संपण्याची वाट पाहणारे तेथे कोणी आहे, हे सांगण्याचे कारण त्या बंदिवानांना क्वचितच पडले. ते स्वाभाविकही होते. परक्या सत्तेच्या चाकराविषयी जिव्हाळा कोठून यावा?

तथापि तुरुंग पारतंत्र्यात असतात तसे स्वतंत्र देशांतही असतातच. तेथेही कोणाला तरी तो जुडगा हाती घ्यावा लागतो, आणि तो हाती असतानाच एखाद्याला मरण येते. अशा मृत रक्षकांचे स्मरण कसे करावयाचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराच्या पूर्वेस, ॲटिका नावाचे लहानसे गाव आहे. तेथील तुरुंगासमोर एक शिळा उभी असून तिच्यावर अकरा नावे कोरलेली आहेत. सप्टेंबर १९७१ मध्ये त्या तुरुंगात जो उठाव झाला त्यात बळी पडलेल्या तुरुंगाच्या नोकरांची ती नावे होत. त्यांपैकी एकास कैद्यांनी मारले. उरलेले दहा जण ज्या राज्याचे नोकर होते त्याच राज्याच्या गोळ्यांनी मेले. शिळेवर मात्र सारी नावे एकत्र आहेत.

ॲटिकाचा तुरुंग १९३१ साली उघडण्यात आला. सभोवार तीस फूट उंचीची भिंत, आत चार मोठ्या इमारती, त्यांच्यामध्ये चार आवारे, आणि या साऱ्यांना जोडणारे बोगद्यासारखे रस्ते जेथे मिळतात तो चौक. त्या चौकाला न्यूयॉर्क शहरातील प्रसिद्ध चौकाचे 'टाइम्स स्क्वेअर' हे नाव मिळाले होते. तुरुंगातील विनोदाला अशी एक कडवट चव असते. १९७१ साली तेथे सुमारे २,२०० कैदी कोंबलेले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि पुष्कळसे न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरांतील होते. पहारेकरी जवळजवळ सर्व गोरे, आसपासच्या शेतीवाडीच्या मुलुखातले होते. एकाच घरातील दोघे तेथे नोकरीस असणे नवलाचे नव्हते. त्या शिळेवर एका चुलत्याचे व त्याच्या पुतण्याचे नाव आहे. कैद्यांना आठवड्यातून एकदा स्नान मिळे, दिवसाचे चौदा ते सोळा तास कोठडीत जात, पत्रे वाचून मगच दिली जात. पहारेकऱ्यांना या कामाचे शिक्षण असे फारसे मिळालेलेच नव्हते. ज्या माणसांची भाषा, रीतभात आणि राग यांपैकी काहीच आपल्याला कळत नाही त्यांच्यावर हातातल्या छडीच्या जोरावर हुकमत चालवावयाची, एवढेच त्यांना ठाऊक होते. दोष त्यांचा कितपत आणि त्यांना तेथे उभे करणाऱ्यांचा कितपत, हे ज्याने त्याने ठरवावे.

९ सप्टेंबर १९७१, गुरुवार. आदल्या दिवशीच्या एका क्षुल्लक बाचाबाचीवरून चिडलेल्या कैद्यांच्या एका तुकडीने सकाळी एका बोगद्यात पहारेकऱ्यांवर हल्ला केला. तो दंगा तेथेच कोंडून राहावयास हवा होता, कारण चौकाकडे जाणारे लोखंडी दार बंद होते. परंतु त्या दाराच्या एका गजाचा वेल्डिंगचा सांधा मुळातच सदोष होता. चाळीस वर्षे त्यावर रंगाचे थरावर थर चढत गेले, आणि आतला दोष कोणाच्या नजरेस आला नाही. कैद्यांनी दार हलविले आणि तो सांधा सुटला.

दाराच्या पलीकडे चौकात विल्यम क्विन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पहारेकरी उभा होता. चारही बाजूंच्या किल्ल्या त्याच्यापाशी होत्या. जमावाने त्याला बेदम मारले. त्याची कवटी फुटली. काही वेळाने कैद्यांपैकीच काहींनी त्याला गादीवर घालून दारापर्यंत आणून दिले, हेही येथे नमूद केले पाहिजे. शनिवारी, ११ सप्टेंबरला, रॉचेस्टरच्या रुग्णालयात तो मरण पावला. त्याला दोन लहान मुली होत्या, आणि पत्नी गरोदर होती.

आतमध्ये चाळिसांवर पहारेकरी व कारकून ओलीस धरले गेले होते. त्यांना एका आवारात बसवून काळ्या मुसलमान कैद्यांनी त्यांच्याभोवती कडे केले, ते इतर कैद्यांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी. चार दिवस वाटाघाटी चालल्या. तुरुंग खात्याचे आयुक्त रसेल ऑस्वल्ड यांनी कैद्यांच्या अठ्ठावीस मागण्या मान्य केल्या. त्यांत अन्न, औषधोपचार, धर्मपालन, पत्रव्यवहार अशा साध्या मागण्याच पुष्कळ होत्या. अडले ते उठावातील कृत्यांबद्दल माफी देण्यापाशी. क्विनच्या मृत्यूनंतर तर ही माफी कैद्यांच्या दृष्टीने जीवनमरणाची बाब झाली, कारण पहारेकऱ्याच्या खुनास त्या राज्यात देहान्ताची शिक्षा होऊ शकत होती. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी एकदा ॲटिकास यावे, अशी मध्यस्थांनी त्यांना विनवणी केली. त्यांनी येण्याचे नाकारले. ओलिसांपैकी एडवर्ड कनिंगहॅम नावाच्या सार्जंटाने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे सांगितले की गव्हर्नर माफीला नाही म्हणाले तर आपण मेलोच म्हणून समजावे. त्याचेही नाव शिळेवर आहे.

सोमवार, १३ सप्टेंबरची सकाळ पावसाची होती. कैद्यांनी आठ ओलिसांना आवारांमधील उंच मार्गिकेवर नेऊन त्यांच्या गळ्यांना सुऱ्या लावून उभे केले. आपण धमकी देत आहो ती पोकळ नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. पावणेदहाच्या सुमारास हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडण्यात आला आणि राज्याच्या पोलिसांनी भिंतींवरून व छपरांवरून गोळीबार सुरू केला. तुरुंगाचे काही पहारेकरीही त्यात सामील झाले. ओलिसांना कैद्यांचेच कपडे घातलेले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्या धुरात कोण कोणता हे कोणी ओळखावयाचे? शिवाय पुष्कळांच्या हाती छर्ऱ्यांच्या बंदुका होत्या. अशा बंदुकीचे छर्रे अंतर वाढेल तसे पसरत जातात आणि नेम ज्याच्यावर धरला त्याच्या शेजाऱ्यालाही लागतात. काही मिनिटांत सारे आटोपले. एकोणतीस कैदी आणि नऊ ओलीस ठार झाले. दहावा ओलीस ऑक्टोबरमध्ये त्याच जखमांनी गेला. उठावाच्या काळात कैद्यांनीच मारलेले तीन कैदी आणि क्विन धरून एकूण मृतांची संख्या त्रेचाळीस झाली.

त्याच दिवशी राज्याच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितले की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. देशभरच्या वृत्तपत्रांनी ते तसेच छापले. ॲटिका गावातील ज्या बायकांना त्या दिवशी वैधव्य आले त्यांना आपला नवरा कसा मेला हे अशा रीतीने कळले. दुसऱ्या दिवशी रॉचेस्टर येथे डॉ. जॉन एडलँड यांनी शवपरीक्षा पूर्ण करून जाहीर केले की त्यांच्यापुढे आलेल्या एकाही ओलिसाचा मृत्यू गळा चिरल्याने झालेला नाही. सर्व जण गोळ्यांनी मेले आहेत. दोघा ओलिसांच्या गळ्यांवर वार झाले होते हे खरे, पण ते दोघेही वाचले. गोळ्या ज्या होत्या त्या राज्याच्या, कारण आवारातील कैद्यांपाशी बंदुका नव्हत्याच. हे सांगितल्याबद्दल एडलँड यांना जो छळ सोसावा लागला तो वाचून खेद वाटतो. वास्तविक ते मुळात सरकारपक्षाचेच मतदार होते. तरी त्यांना कैद्यांचा पक्षपाती, देशद्रोही अशी दूषणे मिळाली. गावातील अनेकांनाही त्यांचे म्हणणे पटेना. राज्याने दुसऱ्या तज्ज्ञांना बोलावून पुन्हा परीक्षा करविली. त्यांनीही तेच सांगितले. एका डॉक्टराने प्रेतांशी प्रामाणिक राहावयाचे ठरविले नसते तर त्या शिळेवरील दहा नावांभोवती आजही एक खोटी कथा असती, आणि ती खरी मानून त्यांना आदरांजली वाहिली गेली असती.

यानंतर जे घडले त्यात रक्त नाही, म्हणूनच ते फारसे कोणी सांगत नाही. मृत पहारेकऱ्यांच्या विधवांना राज्याकडून भरपाईचे चेक आले. रकमा लहान होत्या. नोकराला कामावर अपघात झाला असता कायद्याने जी मिळते तीच ही भरपाई होती. घरात लहान मुले, मिळवता गेलेला. बहुतेकींनी चेक वटविले. त्या कायद्यात अशी अट होती की ज्याने ही भरपाई स्वीकारली त्याला मालकावर दुसरा दावा लावता येत नाही. येथे मालक म्हणजे राज्य. चेक वटविताना हे आपल्याला कोणी सांगितले नाही, असे या कुटुंबांनी पुढे सांगितले. हर्बर्ट जोन्स या तरुण हिशेबनिसाच्या विधवेने मात्र चेक घेतला नाही, वकील गाठला आणि राज्यावर दावा लावला. अवाजवी बळ वापरले गेले असे न्यायालयाने मान्य केले, आणि १९८० नंतरच्या दशकात तिला व्याजासह दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. शेजारच्या घरातील विधवेचा नवरा त्याच आवारात, त्याच मिनिटांत मेला होता. तिच्या हाती काहीच आले नाही. दोघींमधील फरक एवढाच की एकीने एका कागदाच्या पाठीवर सही केली होती.

खटले झाले ते मुख्यतः कैद्यांवर. साठांहून अधिक कैद्यांवर आरोप ठेवण्यात आले आणि क्विनच्या खुनाबद्दल एकास शिक्षाही झाली. पोलिसांपैकी एका शिपायावर आरोप ठेवला गेला, तोही टिकला नाही. १९७६ च्या अखेरीस गव्हर्नर ह्यू केरी यांनी माफी देऊन हे प्रकरण दोन्ही बाजूंनी मिटविले. आता कैद्यांवरही खटला नाही आणि पोलिसांवरही नाही, असा हा समतोल होता. तो ज्यांना न्याय वाटला त्यांत मृतांच्या घरचे कोणी असेल असे वाटत नाही.

कैद्यांनी १९७४ मध्ये लावलेला दिवाणी दावा पंचवीस वर्षे चालून २००० साली मिटला; राज्याने त्यांना ऐंशी लाख डॉलर आणि त्यांच्या वकिलांना चाळीस लाख डॉलर दिले. गोळीबारानंतर त्या कैद्यांना विवस्त्र करून जी मारहाण झाली होती ती लक्षात घेता ही रक्कम काही मोठी नव्हे. परंतु ही बातमी वाचून ॲटिका गावातील घरांत जी खळबळ उडाली तीही समजण्यासारखी आहे. त्या वर्षी या कुटुंबांनी प्रथमच एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली. तिचे नाव 'ॲटिकाचे विस्मृत बळी' या अर्थाचे आहे. या संघटनेच्या धुरीणांत डीॲन क्विन मिलर ही होती. चौकात मारल्या गेलेल्या विल्यम क्विनची ती थोरली मुलगी. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची. कैद्यांच्या हातून मेला तो तिचाच एकट्याचा बाप. राज्याशी भांडण्याचे कारण तिला इतरांहून कमी होते, असे कोणी म्हणू शकला असता. तिने तसे मानले नाही. ज्यांच्या बापांना राज्याने मारले त्यांच्यासाठी ती राज्याच्या दारात उभी राहिली. पुढे, २०२१ मध्ये, तिचे या साऱ्यावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले.

संघटनेच्या मागण्या पाच होत्या: भरपाई मिळावी, मनावरील आघातांवर उपचारांची सोय व्हावी, दडवून ठेवलेले सरकारी कागद उघड करावेत, दर वर्षी तुरुंगासमोर स्मृतिसभा भरविण्याचा हक्क असावा, आणि राज्याने क्षमा मागावी. २००५ मध्ये राज्याने एक कोटी वीस लाख डॉलर देऊ केले व कुटुंबांनी ते स्वीकारले. स्मृतिसभाही भरू लागली. १३ सप्टेंबरला शिळेपाशी मंडळी जमतात आणि अकरा नावे उच्चारली जातात. मेलेल्या बत्तीस कैद्यांची नावे त्या शिळेवर नाहीत. दडविलेल्या कागदांपैकी काही २०१५ मध्ये बाहेर आले. त्यांतही बऱ्याच ओळी गाळलेल्या होत्या.

उरली क्षमायाचना. सर्वांत कमी खर्चाची हीच मागणी, आणि अडून राहिली ती हीच. पैसा देताना 'आमचे चुकले' असे म्हणावे लागत नाही, आणि फुले वाहतानाही लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात त्या सकाळीस पन्नास वर्षे पूर्ण झाली. ज्या मुली तेव्हा आईचे बोट धरून होत्या त्या आता पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया होत्या, काही विधवा तोवर मरूनही गेल्या होत्या, आणि जमलेली कुटुंबे राज्याकडे तीच पाचवी मागणी पुन्हा करीत होती.